विखुरलेल्या संगणक-यंत्रणेची देखरेख : घोटी येथील पथकर नाका

मुंबई-आग्रा महामार्गावर इगतपुरी तालुक्यात घोटीचा पथकर नाका आहे. फास्टॅग वाचला जातो आणि आडवा दांडा वर उठतो. मात्र तो उठतो नाक्यावरील संगणकात असलेली यादी पाहून. पैशाचा हिशेब मागाहून होतो. व्यवहाराची नोंद नाक्याच्या बँकेकडे, तेथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे व अखेर वाहनधारकाच्या बँकेकडे जाते. संगणक चार संस्थांचे. वाहनधारकास एवढेच कळते की पैसे दोनदा कापले गेले.

दोष कोणाचा, हे ठरविण्यासाठी चौघांच्याही दप्तरी त्या व्यवहाराचा क्रमांक एकच असावा लागतो. घड्याळे जुळणे तर त्याहून महत्त्वाचे. नाक्याचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर वाहन आधी गेले की शिल्लक आधी भरली गेली, याचा निवाडा उलटा होऊ शकतो. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या विनंतीसोबत मागोवा-क्रमांक कसा पाठवावा, याचे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०२० मध्ये मंजूर केले, ते अशाच अडचणीमुळे.

बंद पडलेले यंत्र स्वतःची तक्रार करीत नाही, हीच देखरेखीतील खरी अडचण होय. फास्टॅग वैध असून शिल्लक पुरेशी असताना नाक्याच्या यंत्रदोषामुळे वसुली झाली नाही, तर वाहन विनामूल्य सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, अशी तरतूद मे २०१८ मध्ये करण्यात आली. अशा पावत्यांची मार्गिकावार मोजणी केल्यास कोणते यंत्र दुबळे, ते लगेच उघड होते. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार करणाऱ्यानेही मार्गिका व नेमकी वेळ सांगावी.