तारीख येईपर्यंत

बाळा, स्वमग्नतेच्या तपासणीची तारीख सात महिन्यांनंतरची मिळाली म्हणून परवा तू ओट्यावर बसून राहिलास, जेवलाही नाहीस. तुझ्या थोरल्या दादाची, माझ्या मुलाची, तपासणी झाली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. तिथवर पोचायला आम्हाला चौदा महिने लागले, आणि त्यातले पाच माझ्या चुकीने गेले. तुझे जाऊ नयेत म्हणून सांगते.

ती चूक अशी: आम्ही एका केंद्रात नाव घातलं, वाट पाहिली, आणि नंबर आला त्या दिवशी खिडकीवर कळलं की इथे फक्त लहान मुलं बघतात. म्हणून फोनवरच विचारायचं: अठरा वर्षांवरच्या माणसाची स्वमग्नतेची तपासणी करता का, आणि कोण करतं? मग सांगायचं की कुणाची तारीख रद्द झाली तर मला बोलवा, मी उरणहून लगेच निघेन. महिन्यातून एकदा हा फोन करायचाच. तुला फोन जड जातो, मला ठाऊक आहे. वाक्यं कागदावर लिहून वाच, नाहीतर मी करते.

निदान वेगळं आणि दाखला वेगळा, हेही आधी समजून घे. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड सरकारी यंत्रणेतून मिळतात. त्यासाठी ‘आयसा’ नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. ती बनवणारी राष्ट्रीय संस्था सिकंदराबादची, तिचं प्रादेशिक केंद्र आपल्या जवळ खारघरला आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नता धरली. दादा शाळेत होता तेव्हाच्या १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि माझ्याच घरातल्या मुलाला ‘हट्टी’ म्हणत होते. ते आजही मला टोचतं.

आता खरं काम. मोठ्या माणसाची तपासणी करताना डॉक्टर लहानपणाबद्दल खोदून विचारतात, कारण स्वमग्नता पुढे उपटत नाही, ती पहिल्या वर्षांपासून असते. दादाच्या वेळी त्याची आजी जाऊन वर्ष झालं होतं. तो दीड-दोन वर्षांचा असताना दिवसभर त्याला सांभाळणारी तीच. मला शाळेमुळे जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं, आणि ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून एक वही घे आणि माणसं आहेत तोवर विचार.

पण ‘मी वेगळा होतो का?’ असं विचारू नकोस. माया करणारं माणूस नाहीच म्हणणार. असं विचार: नारळी पौर्णिमेला वाजंत्री सुरू झाली की मी काय करायचो? शिंपले घेऊन कसा खेळायचो, पोरांबरोबर की एकटाच लहान-मोठे रांगेत लावत? कुठला सदरा अंगावर राहू द्यायचो नाही? हाक मारली तर वळून बघायचो का? बोलायला कधी लागलो? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिही, बाजूला तुझं तेव्हाचं वय आणि सांगणाऱ्याचं नातं. तुझी प्रगतिपुस्तकं आईच्या ट्रंकेत आहेत. त्यातले शेरे गुणांपेक्षा मोलाचे. ‘अक्षर सुंदर, वर्गात मिसळत नाही’ अशा एका शेऱ्यावर दादाच्या डॉक्टर बराच वेळ थांबल्या होत्या.

वहीच्या मागच्या बाजूने आजचं लिही. ‘गोंगाट सहन होत नाही’ एवढं पुरत नाही. ‘संध्याकाळी सातला उरण बाजारात गेलो, हॉर्न वाजत होते, घरी येऊन दोन तास बोलता आलं नाही’, असं लिही. मोबाइलवर केंब्रिजची २००१ ची ५० प्रश्नांची चाचणी सापडेल. ती जरूर भर, सोबत ने, पण तिला निकाल समजू नकोस.

झोप लागत नाही, छाती धडधडते, मन उदास आहे, यासाठी त्या तारखेची वाट बघायची नाही. त्याचे उपचार आताच सुरू होतात. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि जगणं नको असं कधी वाटलं तर त्याच रात्री मला उठव. दार वाजव, नुसता उभा राहा, बोलावं लागणार नाही.

कानात बोळे घालायला, सीएफएसमधल्या, म्हणजे कंटेनर गोदामातल्या, कामावरून आल्यावर तासभर अंधारात पडायला कुणाच्या कागदाची गरज नाही. ते आजपासून कर, घरात मी बघते. तारीख येईपर्यंत तुझ्यासाठी स्थळं बघणं थांबवायला तुझ्या बाबांना मीच सांगेन. या काळात ‘बरं करून देतो’ म्हणणारे भेटतील. मूलपेशींच्या उपचारावर लाखो रुपये घालवू नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस नाकारली आहे.

तपासणीच्या दिवशी लाँचवर विसंबायचं असेल तर तिथी बघ. तुझे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे: पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला सुकती, आणि मोऱ्याच्या धक्क्याला नुसता गाळ. सकाळची वेळ असेल तर तशा दिवशी उरणहून लोकलनेच जायचं. २०२४ पासून ती सोय झाली आहे. मी सोबत येते. तू अडलास तर वही मी पुढे करीन.

वहीची सुरुवात समोरच्या गल्लीतल्या आजीपासून कर. ती यंदा एक्क्याऐंशीची झाली. तू रांगत होतास तेव्हा तुझी आई मासळी विकायला गेली की तुला तिच्या ओटीवर ठेवायची. रविवारी चारनंतर जा, तेव्हा ती झोपून उठलेली असते. चहा घेतल्याशिवाय बोलत नाही, आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे बस.