गाडी दुरुस्ती : नवशिक्यांसाठी पहिला पाठ



तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैलीचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात, आणि एरवीही वळणे अशी की एक गाडी आडवी बंद पडली तर दोन्हीकडची वाहतूक अडते. वरच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात आणि तिथून पुढे जीपने नेतात. ती जीप घाटात थांबली तर मिस्त्री मिळणार तो तळोद्यात, नाही तर धडगावात. अशा वेळी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला गाडी नुसती चालवता येते की तिचे दुखणेही ओळखता येते, यावर मागच्या सीटवरच्या बाळंतिणीचे पुढचे दोन तास अवलंबून असतात.

हा पाठ मुख्यतः पाड्यांवर वाहन चालवणाऱ्या तरुणांसाठी लिहिला आहे. पण शहरात स्वतःची मोटार असून तिचे बॉनेट कधीच न उघडलेले वाचकही पुष्कळ आहेत. त्यांनीही तो वाचावा. गाडी लहान असो वा मोठी, नियम तेच आहेत.

दुरुस्ती शिकायची म्हटले की मुले आधी पाना हातात घेतात. तो खाली ठेवायला सांगावा. नवशिक्याला सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे : ही गाडी अशीच पुढे नेता येईल, इथल्या इथे नीट करता येईल, की आता एक पाऊलही पुढे न नेता थांबायचे? खोलणे, बदलणे, आवळणे हे सगळे नंतर येते. मोठे नुकसान बहुधा दुरुस्ती न आल्यामुळे होत नाही. गाडी तक्रार करत असताना ‘गावापर्यंत पोहोचू, मग बघू’ म्हणून पुढे रेटल्यामुळे होते.

याचे एक जुने उदाहरण मला फार आवडते. 1888 च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बेर्टा बेंझ या बाई पतीने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून प्फोर्झहाइमला निघाल्या. अंतर साधारण 100 किलोमीटर. वाटेत गॅरेज असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मोटारीच नव्हत्या. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचे आवरण झिजले तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेत जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. लोक पिनेची गोष्ट कौतुकाने सांगतात. पण पिन कोणाकडेही असते. नळीच तुंबली आहे, दुसरे काही नाही, हे ओळखणे म्हणजे अर्धी दुरुस्ती.

ओळखण्याची सुरुवात गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकापासून होते. ते बहुधा पुढच्या कप्प्यात, कंपनीने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे असते. पुष्कळदा ते इंग्रजीत असल्यामुळे आमची मुले त्याला हात लावत नाहीत. ज्याला वाचता येते त्याने त्यातल्या पाच गोष्टी एका कार्डावर मराठीत लिहून द्याव्यात : चाकांतील हवा किती, इंजिन ऑइल कोणत्या दर्जाचे, ते किती लिटर लागते, ब्रेक ऑइल कोणते, आणि किती किलोमीटरला सर्व्हिसिंग. ते कार्ड सनव्हायजरला अडकवून ठेवावे.

आता रोजची पाहणी. सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, दहा मिनिटे पुरतात.

पहिल्यांदा गाडीखाली पाहा. रात्री इंजिनाखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवावा, यासारखा स्वस्त शिक्षक नाही. सकाळी त्यावर काळा-तपकिरी, बोटाला चिकट डाग असेल तर ऑइल गळते आहे. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखे पातळ असेल तर कूलंट. एसीच्या गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब असतील तर घाबरू नका, ते एसीचेच असतात. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर मात्र ते ब्रेक ऑइल असू शकते. तशी गाडी हलवायची नाही.

मग ऑइल. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन निदान दहा मिनिटे बंद असावे. डिपस्टिक काढा, सुती चिंधीने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून पाहा. पुसल्याशिवाय पाहिलेल्या पातळीला काही अर्थ नाही. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. जास्त भरणेही वाईटच. रंगाबद्दल एक सांगून ठेवतो : डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, तो दोष नव्हे. काळे ऑइल पाहून मुले घाबरतात, आणि दूध घातलेल्या चहासारखे ऑइल दिसले तर दुर्लक्ष करतात. खरे उलटे हवे. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेले असते, आणि अशा गाडीची जागा मिस्त्रीकडेच.

कूलंटची पातळी प्लास्टिकच्या टाकीवर बाहेरूनच दिसते, इंजिन थंड असताना पाहावी. ती आठवड्याला खाली जात असेल तर वरचेवर भरत बसू नका, गळती शोधा. कूलंट विषारी आहे आणि चवीला गोडसर लागते. म्हणून उरलेला डबा वसतिगृहाच्या व्हरांड्यात किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. हे वाक्य मुलांना दोनदा वाचून दाखवा.

ब्रेक ऑइलच्या छोट्या डबीवरही वर-खाली अशा दोन खुणा असतात. ते कमी झाले तर त्याच प्रकारचे, झाकणावर लिहिलेले, डॉट 3 किंवा डॉट 4 असेच घालायचे आणि ते का कमी झाले हे मिस्त्रीकडून पाहून घ्यायचे. त्यात इंजिन ऑइल घालणे म्हणजे ब्रेकचे रबर फुगवून ब्रेक घालवणे. निघण्याआधी पेडल एकदा दाबून पाहा. ते स्पंजासारखे मऊ लागले किंवा हळूहळू खाली बसत गेले तर त्या दिवशी गाडी घाटात न्यायची नाही, मागे कोणीही बसलेले असो. दुसरी गाडी बोलवावी.

टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. चाललेल्या टायरात ती जास्त दाखवते. नक्षीची खोली मोटारीसाठी कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात, ते नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार अंक असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. देणगीत मिळालेल्या जुन्या गाडीचा टायर वरून नवा दिसतो, तेव्हा हे अंक आधी वाचावेत. स्टेपनीचेही वाचावेत. तिच्यात हवा आहे का, हे बहुधा ती लागते तेव्हाच कळते.

पावसाळ्यात डिझेल गाडीला आणखी एक काम असते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते, ते खालचा स्क्रू सैल करून काढायचे. कसे, हे मिस्त्रीकडून एकदा समोर पाहून घ्या.

आता घाटातल्या सर्वांत नेहमीच्या दुखण्याकडे येऊ : गाडी गरम होणे. काटा लाल खुणेकडे सरकू लागला की एसी बंद करा आणि सुरक्षित जागा पाहून थांबा. रेडिएटरचे झाकण उघडू नका. पाणी 100 अंशांना उकळते, पण बंद रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे आतले पाणी त्याहून अधिक तापूनही उकळलेले नसते. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि ते क्षणात वाफ होऊन अंगावर येते. चेहरा आणि हात भाजतात ते असेच. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, झाकणावर हात ठेवता येईल इतके थंड होऊ द्या, मग जाड फडक्याने थोडे फिरवून दाब जाऊ द्या आणि मगच उघडा. तापलेल्या इंजिनावर ओढ्याचे गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो.

थांबलेल्या वेळात पंख्याचा पट्टा पाहा. पुष्कळ गाड्यांत एकच पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. त्यामुळे काटा चढला आणि त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवाही लागला तर पट्टा तुटला किंवा सैल झाला, हे बॉनेट न उघडताही सांगता येते. अशा जोड्या लक्षात ठेवल्या की माणूस मिस्त्रीसारखा विचार करू लागतो. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र विचार करत बसायचे नाही. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद. ऑइलचा दाब नसताना थोडे अंतर चालवलेले इंजिनही जाम होते, आणि ते पुन्हा बांधण्याचा खर्च लहान संस्थेला वर्षभर पुरतो.

सकाळी गाडी सुरूच होत नसेल तर कान द्या. चावी फिरवल्यावर नुसते ‘टक-टक-टक’ आणि हेडलाइट मंद होत असतील तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवावी, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तारा काढताना आधी उणे, लावताना उणे सर्वांत शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी पडत नाही. बॅटरीजवळ काडी ओढू नये, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. हेडलाइट लख्ख आहेत आणि एकच मोठा ‘टक्’ येतो, तर बहुधा सेल्फचे काम आहे. आणि इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तर डिझेल पोहोचत नाही. टाकी कोरडी होऊ दिली असेल तर नळ्यांत हवा अडकते. जुन्या गाड्यांत फिल्टरवरचा हातपंप दाबून ती काढता येते. चावी पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्याने बॅटरीही जाते. इथे घाई करणाऱ्या ड्रायव्हरदादांना मी नेहमी सांगतो, आधी काटा बघा, मग बॉनेट.

चाक बदलणे प्रत्येकाने, बायकांनीही, स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहावे. आमच्याकडे मुलींना हे शिकवायचे म्हटल्यावर पालक हसले होते, मग बघायला जमले. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, वर उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. नट परत लावताना आधी बोटांनी फिरवा. बोटांनी नीट गेला नाही म्हणजे तो तिरपा बसला आहे, आणि तशाला पाना लावला की आटे जातात. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, शेवटचा जोर चाक खाली टेकल्यावर. साधारण 50 किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा तपासा. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरायचे नाही. खाली जायचेच असेल तर लोखंडी घोडी लावूनच. विटा चुरा होतात.

हत्यारे फार लागत नाहीत. 10-11, 12-13, 14-15 आणि 16-17 चे पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, चाकाचा पाना, हवा मोजायचे गेज, बॅटरी, चिंध्या, आणि डोक्याला बांधायची बॅटरी हे एका पत्र्याच्या डब्यात मावते. गाडीसाठी देणगी देणारे सज्जन मिळतात, या डब्यासाठी कोणी विचारत नाही. विचारावे.

नवशिक्याने स्वतः हात घालू नये अशा जागाही सांगायला हव्यात. ब्रेक आणि स्टिअरिंग मिस्त्रीच्या देखरेखीशिवाय खोलू नयेत. एअरबॅगच्या तारांना स्पर्श नको. नव्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत इंजेक्टरच्या नळीतला दाब 1000 बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना ती सैल केली तर निघणारी बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळात न्यावे लागते.

पुढे ज्यांना हे काम पोटापाण्यासाठी शिकायचे आहे त्यांनी नुसते गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून राहू नये. तिथे हात तयार होतो हे खरे, पण चार-चार वर्षे चाके धुण्यात गेलेली मुले मी पाहिली आहेत, आणि शेवटी त्यांच्याकडे कागद काहीच नसतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर डिझेल मेकॅनिकचा 1 वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा 2 वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश ऑनलाइन होतो आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि तो काढायला वेळ लागतो. तुमच्या ओळखीच्या पाड्यावर या वर्षी दहावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर निकालाची वाट न पाहता दाखल्याचा अर्ज आताच भरून द्या.