हृदयाची बिघडलेली लय आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या

खेडोपाडी ज्याला 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात, तो पक्षाघात हा मेंदूचा आजार होय. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाल्याचे आढळून आले. अन्य कोणत्याही एका कारणाने इतके मृत्यू झाले नव्हते, आणि यांतील बहुतेक माणसे घरीच दगावली होती. पक्षाघाताचे मोठे कारण उच्च रक्तदाब हे आहे. तथापि काही रुग्णांत मूळ दोष हृदयाच्या लयीत असतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे ठेक्याने आकुंचन न पावता नुसतेच थरथरू लागतात, तेव्हा त्या विकारास डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' असे म्हणतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, त्याची गुठळी बनते, आणि ती प्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात दिसून आले. कोणाला धडधड होते, कोणाला दम लागतो, कोणाला काहीच जाणवत नाही. नाडीवर बोटे ठेवली असता ठोके ठेक्याविना, कधी लवकर तर कधी उशिरा पडत असतील, तर हृदयाचा विद्युत् आलेख, म्हणजे ईसीजी, काढून घेणे आवश्यक आहे.

गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांचा उगम गोठ्यात आहे, हे पशुपालक वाचकांस कुतूहलाचे वाटेल. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी १९३३ साली मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. बुरशी आलेल्या वैरणीतील एका द्रव्याने जनावरांचे रक्त गोठेनासे होत होते. त्या संशोधनातून पुढे वॉरफेरिन तयार झाले. ते १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. आपल्याकडे त्याच वर्गातील असेनोकुमारॉलही पुष्कळ वापरले जाते.

या गोळ्यांची मात्रा कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. म्हणून 'आयएनआर' ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते, आणि तिचा आकडा बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवला जातो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. भाजी सोडावयाची नाही. मात्र एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा मुळीच नाही, असे करू नये. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेणे याहून धोक्याचे होय.

अलीकडे वारंवार तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत आणि झडपांचा गंभीर दोष नसलेल्या रुग्णांना त्या उपयुक्त ठरल्या आहेत. परंतु लहानपणीच्या संधिवाती ज्वराने झडपा खराब झालेल्यांचे काय? आपल्या देशात असे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्यांना नव्या औषधांच्या मोठ्या प्रयोगांतून बहुधा वगळण्यात आले होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात भारतासह २४ देशांतील अशा ४,५३१ रुग्णांचा समावेश होता. त्यांचे सरासरी वय पन्नाशीचे, आणि चारांत जवळजवळ तीन स्त्रिया. रिव्हारोक्सॅबान ही नवी गोळी घेणाऱ्या गटात ५५२ मृत्यू झाले, तर जुनी गोळी घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ४४२. गंभीर रक्तस्रावाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नवे आणि महाग ते अधिक चांगले, हा आपला सर्वसाधारण समज येथे साफ चुकला.

यास्तव झडपांचा दोष असलेल्या रुग्णाने तपासणीच्या फेऱ्या चुकतात म्हणून स्वतःहून गोळी बदलू नये, व बरे वाटते म्हणून बंदही करू नये. दात काढणे किंवा शस्त्रक्रिया असेल तर आधी आयएनआरचे कार्ड दाखवावे. जुन्या गोळीने पहिल्या काही महिन्यांत गर्भास अपाय होऊ शकतो. म्हणून ती घेणाऱ्या स्त्रीची पाळी चुकल्यास तिने त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.