घरचा बोजारा: हात थोरल्याचे, नियम धाकट्याचा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे सांगितले जाते. लेकरे लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि घरची मंडळी त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा छोटी भेट, ठेवतात. या दिवसांत दवाखान्यात आलेल्या आयांशी बोलताना खर्चाचा विषय हमखास निघतो. राखी नुकतीच झालेली असते, गणपती तोंडावर आलेले असतात, आणि मधेच नंदीची सजावट व गल्लीतल्या पोरांचा बोजारा. त्यांना मी सांगतो, विकत आणू नका. लेकरांना सोबत बसवा आणि घरीच करा.

यात मुलांचा फायदा मोठा आहे. कागद फाडणे, माती वळणे, कापडावर खळ लावणे या कामांनी बोटांतले लहान स्नायू तयार होतात. उद्या पेन्सिल धरायची, शर्टाची बटणे लावायची, ती याच बोटांनी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. मोबाइल काढून घेतला की रड सुरू होते. हातात काम दिले की बरेचदा होत नाही.

कोणत्या वयाला कोणते काम

दीड-दोन वर्षांच्या मुलाला रंगात तळहात बुडवून कागदावर ठसे उमटवू द्या. त्याच कागदात बोजारा बांधता येतो. तीन वर्षांचे मूल साधारण गोल काढू लागते. त्याला मातीचे गोळे वळू द्या, त्यातलाच एक पुढे मातीच्या बैलाचे वशिंड होईल. चार वर्षांचे मूल बोथट टोकाच्या कात्रीने, तुम्ही शेजारी असताना, कापडाची पट्टी कापू शकते. पाच-सहा वर्षांचे मूल पुठ्ठ्यावर चित्र काढून, त्याचे सहा मोठे तुकडे करून मित्रासाठी कोडे बनवू शकते. वाकडे झाले तर वाकडेच राहू द्या. आईने रात्री गुपचूप सरळ केलेली झूल सकाळी मुलाच्या लक्षात येते.

सामान गांधीबागेतच आहे

आपण नागपूरच्या या कापडबाजारात राहतो. शिंप्याकडे झुलीपुरती कात्रणे मिळतात, दुकानात ताग्यातून निघालेले पुठ्ठे आणि रिकामे खोके मिळतात. ते आणल्यावर आधी तीन गोष्टी करा: खोक्यांच्या पिना पक्कडीने उपटून टाका, कात्रणे धुऊन उन्हात वाळवा आणि साड्यांच्या पातळ पन्न्या लगेच फेका. अशी पन्नी नाकातोंडावर बसली तर लहान मुलाला ती स्वतःहून काढता येत नाही.

मागच्या वर्षीचा नंदी फिका पडला असेल तर रंग खरवडू नका. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांची खात्री नाही. खरवडलेली धूळ हाताला लागून पोटात जाते आणि शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. फिक्या नंदीवर कात्रणांची झूल चढवा. खर्च नाही आणि धोकाही नाही.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. काही सेकंदांत चिकटणारा ट्यूबमधला गोंद मुलांच्या कामात नको. तो सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की कातडी भाजते. बोटे चिकटलीच तर ओढू नका, कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवा, पापण्या ओढू नका आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा.

नियम धाकट्याचा

आपल्याकडे एकाच खोलीत सहा वर्षांची ताई आणि दहा महिन्यांचे बाळ असते. ताईचे मणी बाळाच्या तोंडात जातात. म्हणून सामान निवडताना ताईचे वय पाहू नका, घरातल्या सर्वांत लहान लेकराचे पाहा. ज्या घरी भेट जाणार तिथले लेकरूही त्यात धरा. तीन वर्षांखालचे मूल असेल तर सुमारे सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तू टाळा: मणी, टिकल्या, बटणे, चिंचोके. नंदीची दोरी खेळ संपला की सोडून ठेवा. वीतभरापेक्षा लांब दोरी गळ्याभोवती आवळू शकते.

खाऊलाही हाच नियम. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा कडक चिक्की देऊ नका, दाणा श्वासनलिकेत अडकतो. शेंगदाण्याचा कूट आणि गूळ यांचे मऊ लाडू करा.

सर्वांत जास्त भीती मला बटणासारख्या चपट्या सेलची वाटते. चमकणाऱ्या राख्यांत आणि स्वस्त दिव्यांच्या खेळण्यांत ते असतात. राखीतला सेल काढून नंदीला लावण्याचा मोह टाळा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते.

असे झाले तर

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा. गांधीबागेतून मेयो रुग्णालय जवळ आहे. मूल वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळत असेल आणि घरात मध असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. दुसरे काही खायला देऊ नका आणि मध शोधण्यात वेळ घालवू नका. वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही.

नाकात किंवा कानात मणी गेला तर चिमटा घालू नका, मणी आणखी आत सरकतो. घशात काही अडकले आणि मुलाला खोकता, रडता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्या. वर्षाखालच्या बाळाला मांडीवर पालथे धरून, डोके खाली ठेवून. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

आणखी एक. काम करताना मूल एखाद्या वेळी माती चाटते, त्यात काळजीचे काही नाही. पण रोज माती किंवा भिंतीचा चुना खात असेल तर रागावू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. ही सवय अनेकदा लोहाच्या कमतरतेमुळे असते आणि औषधाने कमी होते.

यंदा बोजाऱ्याच्या पुडीवर लेकराचे नाव लिहा. खाली एक ओळ घाला: ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ किंवा ‘सर्वांसाठी’. पुडी घेणाऱ्या आईला तेवढे पुरे आहे.