ज्वालामुखीचा धूर, जहाजाचा धूर आणि आपल्या डोक्यावरचा ढग



२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून आपल्या अरबी समुद्रावर आले आणि पुढे गुजरात, राजस्थान, दिल्लीपर्यंत पोचले. काही विमाने रद्द झाली. त्याच वेळी मोबाईलवर एक मेसेज फिरू लागला, की समुद्रावर ॲसिडचा पाऊस पडणार, चार दिवस मासळी खाऊ नका. बाजारात गिऱ्हाइके आमच्या भगिनींना विचारू लागली. जेटीवर एका जाणत्या तांडेलाने आम्हाला थांबवून विचारले, "सेक्रेटरीबाब, डोंगर फुटला आफ्रिकेत, त्याचा धूर आमच्या बांगड्याला कसा लागणार?"

त्या वेळी आम्ही एवढेच सांगितले, की काही होणार नाही, जाळी टाका. पण का होणार नाही, हे नीट सांगता आले नाही. म्हणून वाचून, समजून घेऊन आजचा हा पाठ लिहिला आहे. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. यात आपल्या डिझेलचा आणि विजेचाही संबंध आहे.

🔹 १. गंधकाचे काय होते?

आगपेटीची काडी ओढली की नाकाला झोंबणारा वास येतो. तो जळलेल्या गंधकाचा वायू, त्याला सल्फर डायऑक्साइड म्हणतात. ज्वालामुखीतून तो निघतो. कोळसा जाळला की निघतो, जहाजाचे जड काळे तेल जाळले की निघतो.

हवेत गेल्यावर या वायूचे हळूहळू गंधकाम्ल होते आणि त्याचे अतिशय बारीक थेंब तयार होतात. डोळ्यांना एकेक थेंब दिसत नाही, पण असे असंख्य थेंब जमले की आकाश पांढुरके, धुरकट दिसते. हे थेंब दोन कामे करतात. एक, सूर्याचे थोडे ऊन वरच्या वर परत पाठवतात. दोन, ढगाचे बी होतात.

ढगाचे बी म्हणजे काय? नुसत्या वाफेपासून ढग होत नाही. वाफेला बसायला काहीतरी कण लागतो. समुद्रावर लाटांतून उडणारे मीठ हे काम करते. समुद्रातले बारीक शेवाळही गंधकाचा एक वायू सोडते, आपण ज्याला दर्याचा वास म्हणतो त्यात तोही असतो. म्हणजे गंधक काही परका नाही. प्रश्न तो किती आणि कुठे, याचा आहे.

🔹 २. बर्फाची लादी आणि बर्फाचा चुरा

मासळीसाठी आपण बर्फाची लादी आणतो. चांगली लादी काचेसारखी असते, आरपार दिसते. तीच फोडून चुरा केला की पांढरीशुभ्र दिसते. बर्फ तेवढाच असतो, तुकडे वाढलेले असतात. जितके तुकडे जास्त, तितका उजेड जास्त परततो.

ढगाचेही तसेच आहे. पाणी तेवढेच, पण बी जास्त मिळाले तर ते जास्त थेंबांत वाटले जाते. थेंब बारीक होतात, ढग जास्त पांढरा होतो, खालच्या समुद्रावर ऊन कमी पोचते. ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ असे सहा महिने आइसलँडमध्ये होलुह्रॉन इथे लाव्हा वाहत होता आणि गंधकाचा वायू निघत होता. तेव्हा उपग्रहांनी आजूबाजूच्या समुद्रावरचे ढग तपासले. थेंब खरोखरच बारीक झाले होते. मात्र ढगातले एकूण पाणी फारसे बदलले नव्हते.

🔹 ३. किती उंच आणि किती दिवस?

तांडेलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

गंधक खालच्या हवेत राहिला तर पाऊस-वाऱ्याबरोबर साधारण आठवड्याभरात खाली येतो. पण पावसाच्या ढगांच्याही वर, स्थितांबर नावाच्या थरात गेला तर त्याला धुवून काढायला तिथे पाऊसच नसतो. मग तो वर्ष-दोन वर्षे राहतो आणि वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरतो.

१५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला. सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधकाचा वायू एकदम वरच्या थरात गेला. पुढच्या वर्षभरात सगळ्या जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरले.

उलट उदाहरण आइसलँडच्या लाकीचे. तो ८ जून १७८३ ला फुटला आणि आठ महिने चालू राहिला. गंधकाचा वायू सुमारे १२ कोटी टन, पण बराचसा खालच्या हवेत. पिनाटुबोसारखा तो वर जाऊन टिकला नाही, पण रोज नवा येत राहिला. गवत विषारी झाले, गुरे-मेंढ्या मेल्या, मग उपासमार. आइसलँडची सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. युरोपभर उन्हाळ्यात कोरडे धुके पसरले. त्या वर्षी नाईल नदीला पाणी कमी आले आणि इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. लाकीमुळे आफ्रिकेचा मान्सून दुबळा झाला, असे संशोधकांनी हिशेब मांडून दाखवले आहे. ऊन कमी झाले की जमीन कमी तापते आणि जमीन तापली नाही तर समुद्रावरचा पाऊसवारा जोराने आत येत नाही.

हायली गुब्बीचा वायू पिनाटुबोच्या मानाने फारच थोडा होता. त्याचा ढग विमानांच्या उंचीवरून आला आणि एक-दोन दिवसांत चीनकडे निघून गेला. म्हणून विमाने थांबली, पण पाण्यातल्या मासळीला काहीही झाले नाही. मेसेज खोटा होता. त्या दिवशी ज्या भगिनीची टोपली अर्धी परत आली, तिचे नुकसान मात्र खरे होते.

🔹 ४. माणसाचा धूर

ज्वालामुखी कधीतरी फुटतो. आपला धूर रोज आहे. डिसेंबर ते मार्च या काळात सकाळी क्षितिजावर मातकट पट्टा दिसतो, तो सर्वांच्या ओळखीचा आहे. १९९९ साली जहाजे, विमाने आणि उपग्रह लावून उत्तर हिंदी महासागरावरच्या या धुरकट थराचा मोठा अभ्यास झाला. त्यात जमिनीवरच्या लाकडा-कोळशाची काजळी, धूळ आणि गंधकाचे थेंब सगळे सापडले. या थरामुळे समुद्रावर पोचणारे ऊन कमी होते.

जहाजांचे तर आणखी स्पष्ट दिसते. सखल ढगांखालून मोठे जहाज गेले की त्याच्या मागे ढगात पांढरी रेघ उमटते. १९६० च्या दशकापासून उपग्रहांच्या फोटोत अशा रेघा दिसत आहेत.

विजेची गोष्ट प्रत्येक बोटमालकाने लक्षात ठेवावी. पूर्व हिंदी महासागर आणि दक्षिण चीन समुद्रातल्या गजबजलेल्या जहाजमार्गांवर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट विजा पडतात, असे १२ वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवले गेले. याचे कारण असे सांगतात, की थेंब बारीक असले तर ते लवकर पाऊस होऊन पडत नाहीत. ते उंच जातात, गोठतात, बर्फाचे कण एकमेकांवर घासतात आणि वीज तयार होते.

🔹 ५. १ जानेवारी २०२० नंतर

त्या दिवसापासून जगभरच्या जहाजांच्या तेलात गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ढगातल्या पांढऱ्या रेघा झपाट्याने कमी झाल्या. सिंगापूरजवळच्या जहाजमार्गावरच्या विजा सुमारे निम्म्याने घटल्या. बंदराकाठी राहणाऱ्यांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. हे चांगलेच झाले.

पण एक गोष्ट उघडी पडली. त्या पांढऱ्या ढगांची समुद्रावर थोडी सावली होती, तीही कमी झाली. त्यामुळे किती तापमान वाढले यावर वाद आहे, पण बरेच हिशेब अंशाच्या काही शतांश भागांचे आहेत. यावरून कोणी म्हणेल, मग धूर असलेलाच बरा. तसे नाही. गंधक आठवड्यात धुऊन जातो, पण त्याच इंधनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे राहतो. धुराने ताप बरा होत नव्हता, झाकला जात होता. झाकलेला ताप आपल्या समुद्राच्या पाण्यात साठतच होता.

🔹 ६. आपण काय करायचे?

➡️ आपल्या पंपावर १ एप्रिल २०२० पासून जे डिझेल मिळते, त्यात दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक असतो. जहाजाच्या तेलाला आजही ५,००० भागांची मुभा आहे, म्हणजे ५०० पट. चांगले डिझेल हाताशी असताना चार पैसे वाचवायला काळे तेल मिसळू नका. गंधकाचे ॲसिड आधी इंजिन खाते आणि तो धूर सर्वांत आधी आपल्याच खलाशाच्या नाकात जातो.

➡️ दर्यावर असताना गडगडाट ऐकू आला तर घाई करून जाळे ओढू नका. हवामान खात्याचा इशारा आधी बघा, मगच बोट सोडा.

➡️ मासळी कमी आली की प्रत्येक वेळी दूरच्या ज्वालामुखीला दोष देऊ नका. आणि कोणी ज्वालामुखीच्या नावाने भीती घातली, तर दोनच गोष्टी विचारा: धूर किती उंच गेला आणि किती दिवस चालू आहे?

त्या जाणत्या तांडेलाला हा पाठ आम्ही जेटीवर वाचून दाखवला. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आफ्रिकेचा धूर दोन दिवसांचा पाहुणा, आणि आमचा घरचा." याहून सोपे आम्हाला लिहिता आले नसते.

भगिनींनो, पुढच्या वेळी असा मेसेज आला तर गिऱ्हाइकाला हा पाठ दाखवा. बोटमालकांनी आपल्या खलाशांना वाचून दाखवावा. शंका असतील तर खाली लिहा किंवा संस्थेत येऊन विचारा.

आपले,
संस्थेचे सेक्रेटरी व संचालक मंडळ