गोल्फच्या काठीस वेग कोठून येतो ?

गोल्फ हा खेळ मूळचा स्कॉटलंड देशांतला. तेथील लोकांस त्याचा इतका नाद लागला होता कीं, धनुर्विद्येच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होतें म्हणून त्या देशाच्या पार्लमेंटानें १४५७ सालीं या खेळास मनाई केली. आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं हा खेळ खेळला असेल. तथापि त्यांत पदार्थविज्ञानाचा एक असा धडा आहे कीं, तो वर्गांतल्यापेक्षां मैदानावर अधिक लवकर मनांत ठसतो.

एकदां आम्ही मैदानाच्या कडेस उभे राहून हा खेळ पाहत होतों. प्रथम एक धट्टाकट्टा तरुण पुढें आला. त्यानें दांतओठ खाऊन, सर्व बळ एकवटून काठी हाणली. पण चेंडू बेताच्याच अंतरावर जाऊन पडला. त्याच्यामागून साठीच्या घरांतील एक सडपातळ गृहस्थ आले. त्यांच्या हालचालींत घाई मुळींच नव्हती. तरी त्यांचा चेंडू तरुणाच्या चेंडूच्या बराच पलीकडे गेला. असें कां व्हावें ? बळ तर तरुणाचेंच अधिक होतें. या प्रश्नाचा उलगडा करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कांहीं आंकडे पाहूं. नियमाप्रमाणें चेंडूचें वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक असतां कामा नये. लांब टोल्यासाठीं जी ड्रायव्हर नांवाची काठी वापरतात, तिच्या डोक्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम असतें. निष्णात खेळाडूच्या काठीचें डोकें चेंडूवर आदळतें त्या वेळीं त्याचा वेग सेकंदास सुमारें ५० मीटर, म्हणजे ताशीं १८० किलोमीटर असतो. आणि चेंडू त्याच्या जवळजवळ दीडपट वेगानें सुटतो. दोहोंचा स्पर्श सुमारें अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. एवढ्याशा अवधींत कोणासहि कांहीं करतां येणें शक्य नाहीं. तेव्हां जो वेग मिळवावयाचा तो स्पर्शापूर्वींच मिळविला पाहिजे, आणि तो नेमका स्पर्शाच्याच क्षणीं कळसास पोंचला पाहिजे.

आतां थोडें गणित करूं. २०० ग्रॅमचें डोकें सेकंदास ५० मीटर वेगानें जात असतां त्याची गतिज ऊर्जा २५० जूल होते. काठी वरून खालीं येण्यास सुमारें पाव सेकंद लागतो. म्हणजे सरासरी १००० वॅट, अर्थात् सव्वा अश्वशक्तीहून अधिक शक्ति लागली. आणि हात व काठीचा दांडा यांस हालविण्याचा खर्च यांत धरलेलाच नाहीं. हें काम मनगटाच्या व दंडाच्या लहान स्नायूंस झेपणारें नव्हे. तें मांड्या, कंबर व पाठ येथील मोठ्या स्नायूंनींच केलें पाहिजे. तो तरुण केवळ हातांनीं मारीत होता, ही त्याची पहिली चूक.

परंतु मोठे स्नायु बलवान असले तरी त्यांची हालचाल मंद असते. मंद हालचालींतून एवढा वेग कसा उत्पन्न होतो ? जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखण्या आठवा. त्याचा हात लहानशा वर्तुळांत फिरतो. दोरीच्या टोंकाशीं असलेला धोंडा मात्र मोठ्या वर्तुळांत गरगरतो. हाताचा वेग थोडा, धोंड्याचा पुष्कळ. गोल्फची काठीहि कांहींशी अशीच आहे. मात्र येथें दोरीचें काम मनगटाचा सांधा करतो.

ए. जे. कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या क्रियेस दुहेरी लंबकाची उपमा दिली आहे. पहिला लंबक खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात. दुसरा मनगटापासून डोक्यापर्यंतची काठी. हें समजण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. दोन हलक्या पट्ट्या टोंकाशीं सुतळीनें सैलसर बांधा. दुसऱ्या पट्टीच्या मोकळ्या टोंकास ओल्या मातीचा लहान गोळा लावा. आजूबाजूस कोणी नाहीं असें पाहून, दुसरी पट्टी पहिलीवर दुमडून ठेवा आणि पहिलीचें मोकळें टोंक धरून ती वाढत्या वेगानें अर्धवर्तुळांत फिरवा. दुसरी पट्टी कोणीं न ढकलतां आपण होऊन बाहेर फेंकली जाते. आतां ती आरंभापासूनच सरळ ठेवून फिरवूं लागा. तें ओझें लगेच जड वाटेल.

याचें कारण असें : वजन आंसाच्या जवळ असेल तर वस्तु सहज फिरते, दूर असेल तर कष्टानें फिरते. म्हणून निष्णात खेळाडु उतरत्या टोल्याच्या आरंभीं मनगट वांकलेलेंच ठेवतो. हात कमरेच्या आसपास आले म्हणजे काठी बाहेर पडूं लागते. बाहेर जाणारें डोकें हातांस मागें ओढतें. त्यामुळें हातांचा वेग घटतो आणि त्यांची ऊर्जा डोक्यास मिळते. चेंडूस स्पर्श होतो तेव्हां हातांचा वेग डोक्याच्या वेगाच्या पांचव्या-सहाव्या हिश्श्याएवढाच असतो. हात मंदावले म्हणून टोला फसला असें नव्हे. तें ऊर्जा पुढें गेल्याचेंच लक्षण होय.

हाच क्रम सर्व शरीरांत चालतो. पाय जमिनीस रेटा देतात. प्रथम कंबर फिरते, मग छाती व खांदे, नंतर हात व शेवटीं काठी. प्रत्येक अवयव आपला वाटा पुढच्यास देऊन मंद होतो, आणि पुढचा मागच्याहून अधिक वेग घेतो. आमच्या तरुणानें हा क्रम मोडला होता. त्यानें आरंभींच मनगट झटकलें. काठी अवेळीं उघडली, तिचें ओझें वाढलें आणि तिचा वेग चेंडूपर्यंत पोंचण्यापूर्वींच ओसरूं लागला. ही त्याची दुसरी व मोठी चूक. वृद्ध गृहस्थांजवळ बळ थोडें होतें; पण त्यांतलें फारच थोडें वाटेंत सांडलें.

विद्यार्थीमित्रहो, क्रिकेटची बॅट असो कीं विटीदांडूचा दांडू, तो हातीं घ्याल तेव्हां एवढें करून पाहा : आरंभ सावकाश करा, कंबरेस पुढें जाऊं द्या आणि मनगट शेवटपर्यंत राखून ठेवा. पहिले कांहीं टोले चुकतील. त्यानें खचूं नका. पालकांसहि आमची एक विनंती आहे. मुलगा हळू सुरुवात करतो म्हणून त्यास मंद ठरवूं नये. आरंभींची घाई म्हणजे वेग नव्हे, हें त्या मैदानावर आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.