टोड लेनमधील दुकान

इंग्लंडांतील रॉच्डेल हें गांव लोंकरी फ्लॅनेलच्या विणकामाबद्दल प्रसिद्ध होतें. तेथील टोड लेन नांवाच्या गल्लींत, ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं सायंकाळीं, एका जुन्या वखारीच्या तळमजल्यावर नवें दुकान उघडलें. आंत थोडें गव्हाचें पीठ, लोणी, साखर व ओटचें पीठ, याहून फारसें कांहीं नव्हतें. फळ्या निघतांच गल्लींतील पोरांनीं हुर्यो केली, असें सांगतात.

हे दुकानदार म्हणजे अठ्ठावीस कामकरी. कांहीं विणकर, कांहीं इतर कारागीर. आठवड्यास दोन-तीन पेनी बाजूस टाकून त्यांनीं अठ्ठावीस पौंड भांडवल जमविलें होतें. यंत्रमाग आल्यापासून हातमागाची मजुरी घसरत चालली होती. जी मिळे, ती बहुधा उधारीच्या दुकानांत जाई. एकदां वहींत नांव चढलें कीं दुकानदार देईल तो माल, सांगेल त्या भावानें घेणें आलें. मग पिठांत तुरटी मिसळलेली असो, कीं माप खोटें असो. कित्येक मालक तर रोख मजुरीऐवजीं आपल्याच दुकानचा माल माथीं मारीत. ही चाल मोडण्यासाठीं १८३१ सालीं कायदा करावा लागला. ज्या पालकांच्या वाडवडिलांनीं सावकाराची वही पाहिली आहे, त्यांस हें विस्तारानें सांगणें नको.

आतां त्यांच्या नफ्याचें गणित विद्यार्थ्यांनीं सोडवून पाहावें. समजा, एका तिमाहींत हजार रुपयांचा माल विकला, आणि खर्च व भांडवलावरील व्याज वजा जातां पन्नास रुपये उरले. एकटा व्यापारी ते स्वतः ठेवील. भागीदारांची मंडळी ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणें वांटून घेईल. रॉच्डेलच्या मंडळींनीं ते खरेदीच्या प्रमाणांत वांटले. ज्या सभासदानें शंभर रुपयांचा माल नेला त्यास पांच रुपये परत, ज्यानें दहा रुपयांचा नेला त्यास अर्धा रुपया. भांडवलास ठराविक व्याज मिळे, त्यापलीकडे नफ्यावर त्याचा हक्क नाहीं. मत माणशीं एकच. स्त्रियांसहि सभासद होण्याची मोकळीक होती, हें त्या काळीं लहानसहान नव्हे.

माल शुद्ध, माप पुरें, आणि व्यवहार रोखीचा. हा शेवटचा नियम मला नेहमीं कठोर वाटत आला आहे. कारण जो सर्वांत गरीब, ज्याच्या हातीं शनिवारपर्यंत पैसा टिकत नाहीं, त्यालाच दार बंद झालें. परंतु उधार दिलें असतें तर ते अठ्ठावीस पौंड महिन्या दोन महिन्यांत वहींत बुडाले असते, हेंहि खरेंच. पहिल्या वर्षाअखेर सभासद ७४ झाले, आणि दहा वर्षांनीं सुमारें १,४०० झाले. शिलकेंतून त्यांनीं ग्रंथालय व वाचनालयहि चालविलें.

पुढची हकीकत मात्र इतकी गोड नाहीं. १८५४ सालीं याच चळवळींतील लोकांनीं कापडाची गिरणी काढली, आणि तींत राबणाऱ्या कामगारांसहि नफ्याचा वांटा ठेवला. धंदा वाढला, तसे केवळ व्याज-नफ्याकडे दृष्टि ठेवणारे भागधारक आंत आले. १८६२ सालीं बहुमतानें कामगारांचा वांटा त्यांनीं बंद केला. दुकानांत गिऱ्हाईकच मालक होतें, म्हणून त्याचें हित राखलें गेलें. गिरणींत राबणारे थोडे व भाग घेणारे फार, तेथें मतपेटीनेंच घात केला.

आपल्या देशांत १९०४ चा कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर सहकारी संस्थांस वाट मोकळी झाली. पुढें १९४८ सालीं मुंबईच्या गिरणगांवांतील नायगांव भागांत ग्राहकांची एक सहकारी संस्था निघाली. तीच पुढें ‘अपना बाजार’ या नांवानें घरोघरीं माहीत झाली. आणि टोड लेनमधली ती वखार अद्याप उभी आहे. तेथें १९३१ पासून संग्रहालय आहे.